डेव्हिएशनवर पास

माझा उजवा हात थरथरतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण लोक आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे, आणि मग बोलायच्या निमित्ताने जरा जवळ येऊन वास घेतात. खुशाल घ्या. मी पीत नाही, कधी प्यायलेही नाही. चहा तेवढा पिते, तोही मगमध्ये अर्धाच भरून.

आणखी एक. हा हात बरा झालेला नाही. आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा एक व्हिडिओ अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल. त्यात एक बाई माईक धरून उभी आहे आणि प्रभूने आपल्याला पूर्ण बरं केलं असं सांगते आहे. ती बाई मीच. ती सांगते ते खोटं आहे. खोटं का बोलले आणि ते परत कसं घेतलं, एवढंच मला इथे लिहायचं आहे.

चाकणच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. गाड्यांमध्ये बसणाऱ्या, बोटाएवढ्या जाडीच्या स्टीलच्या पिना आमच्याकडे बनतात. मशीनवरून उतरलेली पिन माझ्या टेबलावर येते, मी मायक्रोमीटरने तिची जाडी मोजते. माप बरोबर असेल तर हिरवं कार्ड, चुकलं असेल तर लाल. तिसरं एक पिवळं कार्ड असतं, त्याला आम्ही डेव्हिएशन म्हणतो. म्हणजे माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण चालण्यासारखा आहे. काय चुकलंय ते कार्डावर पेनाने स्पष्ट लिहायचं, ज्याला तो वापरायचा आहे त्याने खाली सही करायची, आणि माल जातो. दोष कुणी पुसत नाही की लपवत नाही. लिहितात आणि घेतात.

मला ते पिवळं कार्ड कधी आवडलं नाही. बरोबर असेल तर बरोबर म्हणा, नसेल तर लाल पेटीत टाका, मधलं काही नको. ग्राइंडिंगला एक जुने ऑपरेटर आहेत, मावळातल्या गावचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. सगळा विभाग त्यांना मामा म्हणतो. मी मात्र कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्या पिना घेऊन ते स्वतः यायचे आणि टेबलाशी घुटमळायचे.

"मॅडम, दोन मायक्रॉननं काय आभाळ कोसळतंय व्हय? डेव्हिएशनवर घ्या की."

मी मान वर न करता लाल कार्ड लिहायची आणि पेनाचं टोपण जरा जोरातच लावायची. बाईंच्या हातून सुटलं म्हणजे सुटलं, असं कंपनीत म्हणायचे आणि ते ऐकायला मला फार बरं वाटायचं. प्रार्थनेत मी या हाताबद्दल देवाचे आभार मानायची, पण खरं सांगायचं तर त्यात देव नावापुरता आणि हातच जास्त असायचा.

तो हात चाळिशी उलटल्यावर हलायला लागला. आधी कुलपात किल्ली घालताना, मग सही करताना. कंपनीच्या बसमध्ये मी तो पर्सखाली दाबून बसायची. चिंचवडच्या एका डॉक्टरांनी माझ्याकडून कागदावर गोल गोल रेघा काढून घेतल्या, हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले की जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. गोळीने चार-सहा तास जरा शांत राहील, एवढंच.

"घरात आणखी कुणाचा हात असा हलायचा का?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचा," मी म्हटलं. "पण ते प्यायचे."

"प्यायचे, हे तुम्ही पाहिलं होतं?"

मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात बाटली कधी पाहिली नव्हती, त्यांच्या अंगाला तो वास कधी आला नव्हता. ते नगरकडच्या खेड्यातून पिंपरीला कंपनीत आले, आयुष्यभर शिफ्ट केली, संध्याकाळी घरी येऊन पेपर वाचला. चहा बशीत ओतताना त्यांचा हात हलायचा आणि मांडीवर सांडायचा, म्हणून आमच्या जुन्या चर्चमधले लोक म्हणायचे की माणूस पितो. मी ते ऐकलं आणि धरून बसले. पोटची पोरगी असून त्यांना एकदा विचारावंसं मला वाटलं नाही.

चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, ते सगळ्यांच्या शेवटी पुढे जायचे आणि द्राक्षरसाचा छोटा पेला दोन्ही हातांनी धरायचे. सोळाव्या वर्षी माझं दृढीकरण झालं. म्हणजे आता मीही पुढे जाऊन भाकर आणि पेला घेणार, मंडळीत मोठी गणली जाणार. त्या सकाळी ते ओट्यावर बसून बुटाला पॉलिश करत होते. मी पांढऱ्या साडीत त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "पप्पा, आज तुम्ही पुढे येऊ नका. सगळे बघतात." त्यांनी ब्रश खाली ठेवला, हो म्हणाले, आणि पुन्हा पॉलिश करायला लागले. त्या दिवशी ते पुढे आले नाहीत. त्यानंतर वारेपर्यंत अकरा वर्षं एकदाही आले नाहीत. शेवटच्या बाकावर बसून राहायचे आणि मी पुढून परत आले की माझ्याकडे बघून हसायचे.

डॉक्टरांकडून निघाले आणि स्टेशनजवळच्या बस स्टॉपवर बसून राहिले. दोन बस सोडल्या. रडू आलं नाही, राग आला. लोकांचा आला, चर्चचा आला आणि सगळ्यात जास्त त्या पांढऱ्या साडीतल्या पोरीचा आला. इतका राग आला की मला वाटलं, आपण आता बदललो. पण कसलं काय. तीन महिन्यांत मी तीच पोरगी आहे हे सिद्ध करून दाखवलं.

आमची आताची मंडळी लहान आहे. सांगवीत एका दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी उपासना होते, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या आठ रांगा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याचा द्राक्षरस मीच करते, काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी उकळून, गाळून. आणि काचेच्या बोटभर पेल्यांचा ट्रे घेऊन रांगांमधून फिरण्याची सेवाही नऊ वर्षं माझ्याकडेच होती. हात हलायला लागल्यापासून ट्रे वाजायला लागला. तीस-पस्तीस काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिण करायचे. उपासनेतल्या त्या सगळ्यात शांत घटकेला दुसरा आवाजच नसायचा.

पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, घरी आल्या. बाई मनाने वाईट नाहीत, माझ्या दोन्ही बाळंतपणांत डबे पोचवले आहेत त्यांनी. कपाळाला तेल लावून प्रार्थना केली आणि म्हणाल्या, "ताई, आता मागायचं नाही. मिळालं म्हणून कबूल करायचं. रविवारी साक्ष द्या. तुम्ही विश्वासानं बोललात की हात तसा होईल."

आमच्याकडे साक्ष म्हणजे मंडळीसमोर उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. केलं ते सांगायचं असतं. करणार आहे ते आधीच केलं म्हणून सांगायचं, ही चूक फक्त आमच्यातलेच लोक करू जाणोत, आणि तिला आम्ही विश्वास म्हणतो. ज्या प्रेषिताची पत्रं आम्ही दर रविवारी वाचतो, त्याच्या देहात काटा होता. तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेल एवढी मिळाली आणि काटा राहिला. हे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलेलं. पण ट्रे हातातून जाईल या भीतीने सगळं विसरले.

त्या रविवारी मी सकाळी गोळी घेतली. हे मुद्दाम लिहिते. गोळी घेतली, हात शांत झाला, आणि त्या शांत हाताने माईक धरून मी सांगितलं की प्रभूने मला पूर्ण बरं केलं. टाळ्या झाल्या, हालेलुया झालं. एक म्हातारी उठून माझ्या हाताचा मुका घेऊन गेली. तिच्या नातवाला फिट्स येतात. ती माझ्या तोंडाकडे ज्या आशेने बघत होती, ते मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गोळी घेतलेली असूनही हात हलला. भीतीने जास्तच हलला. पहिल्याच रांगेपाशी ट्रे कलला आणि पाच-सहा पेले तिथल्याच प्रभुभोजनाच्या मेजाच्या पांढऱ्या कापडावर सांडले. मनुकांच्या रसाचा डाग किती भराभर पसरतो ते मला माहीत होतं, पण सगळी मंडळी तो पसरताना बघत असली की फार वेळ लागतो. दुसऱ्या कुणीतरी माझ्या हातातून ट्रे घेतला.

उपासनेनंतर पाळकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "थोडे दिवस सेवा थांबवू या. साक्षीनंतर असं झालं की नवीन लोकांचा विश्वास डळमळतो. तुम्ही जरा नम्र व्हा, प्रार्थनेत राहा. पूर्ण बऱ्या झालात की ट्रे तुमचाच आहे."

"आणि नाही झाले तर?"

"असं बोलायचं नाही, ताई."

मी घरी आले आणि भांडी आपटली. नम्र व्हा म्हणे. नम्र होणं म्हणजे मागच्या खुर्चीवर जाऊन गप्प बसणं, हा अर्थ यांना कुणी सांगितला? पप्पा अकरा वर्षं मागे बसले, त्यांना नम्र म्हणत नव्हते, पिणारा म्हणत होते. मी नवऱ्याला सांगितलं की आता मी त्या हॉलची पायरी चढणार नाही. तो म्हणाला, बरं. त्याला माहीत असतं की माझ्याशी लगेच वाद घालून उपयोग नाही.

राग होता तो खरा होता, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण तोवर मी दुसऱ्यांचीच मापं काढत होते. माझं निघालं ते चाकणला.

कंपनीत मी हाताचं कुणाला सांगितलं नव्हतं. गोळी घ्यायची आणि मापायचं. त्या आठवड्यात मामांच्या मशीनचा एक अख्खा लॉट माझ्याकडे आला आणि चाळीसच्या चाळीस पिना जाड निघाल्या. मी लाल कार्ड लिहिलं. पिना पुन्हा घासायला जाणार होत्या आणि मामांना मेमो मिळाला. ते आले आणि टेबलाशी उभे राहिले. या वेळी डेव्हिएशनचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, "मॅडम, येक डाव परत मोजता का? मशीन बराबर हाय माजं."

"मी मोजलंय," मी म्हटलं.

ते गेले. मी हाताकडे बघितलं. मायक्रोमीटर जरासा तिरका धरला गेला की माप जास्त येतं, हे मी एकोणीस वर्षं नव्या मुलींना शिकवते आहे. हलणारा हात सरळ धरूच शकत नाही. मला ते माहीत होतं. लॉट मोजतानाही माहीत होतं, फक्त मी मनाशी कबूल करत नव्हते. पिना पुन्हा घासल्या असत्या तर बारीक होऊन सगळ्या भंगारात गेल्या असत्या आणि तो ठपकाही मामांवरच आला असता.

त्या टेबलापासून मापाच्या एसी खोलीपर्यंत पन्नास पावलं असतील. पिनांचा क्रेट उचलून मी तिकडे निघाले तेव्हा वाटेत तीनदा वाटलं की परत फिरावं. तिथल्या यंत्रावर चाळीसच्या चाळीस पिना बरोबर निघाल्या. मी तो कागद घेऊन आले आणि चहाच्या सुट्टीत सगळा विभाग उभा असताना सुपरवायझरच्या हातात दिला.

"मेमो परत घ्या," मी म्हटलं. "पिना बरोबर आहेत. माझा हात थरथरतो. सहा महिने झाले. मी लपवलं."

एवढं बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढा बाळंतपणातही लागला नसेल. मला वाटलं, आता मला इथून काढून पॅकिंगला पाठवतील. मामांनी चहाचा कप खाली ठेवला, आपल्या मशीनकडे गेले, कपाटातून काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. बिडाचा एक छोटा स्टँड होता. त्यात मायक्रोमीटर घट्ट बसतो, हाताने धरावा लागत नाही. नव्या शिकाऊ मुलांना देतात तो. मी त्याला कधी हात लावला नव्हता.

"स्टोअरमधून काढून ठिवला व्हता," ते म्हणाले. "दोन म्हैनं झालं. साफ केला, तेल घातलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आवो, रोज हातच बघतोय की मी तुमचा. लाल कार्ड लिवतोय का हिरवं, ते."

"मग बोलला का नाहीत? तुम्हाला मेमो मिळाला."

"तुमी सांगितल्याबिगर आमी कसं बोलायचं? लाज आसती माणसाला." मग स्टँडमध्ये मायक्रोमीटर बसवून त्यांनी स्क्रू आवळला आणि हसले. "चला. म्हंजी मॅडमबी डेव्हिएशनवर पास."

सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता रडायला लागले, एवढ्या माणसांसमोर, नाकातून पाणी येईपर्यंत. ज्याच्या मालावर मी इतकी वर्षं पिवळं कार्ड लिहिलं नाही, त्या माणसाने दोन महिने माझा दोष बघितला, त्याचा त्रास स्वतः सोसला आणि माझ्यासाठी स्टँडला तेल घालून ठेवलं. ते विठ्ठलाचे, गळ्यात माळ असलेले गृहस्थ. कृपा म्हणजे काय हे मला माझ्या मंडळीतल्या नऊ वर्षांच्या सेवेत कळलं नव्हतं ते त्यांच्या फडक्यात गुंडाळून आलं. यावर कुणाला आक्षेप असेल तर असो. प्रभू कुणाच्या हातून काय पाठवेल याची यादी त्याने आमच्या कमिटीकडे दिलेली नाही.

"थँक्यू, मामा," मी म्हटलं. पहिल्यांदाच मामा म्हटलं.

बसमध्ये मोशीपर्यंत मी त्या कार्डाचा विचार करत होते. दोष लिहायचा आणि ज्याला हवं आहे त्याने सही करायची. मी लोकांसमोर जी साक्ष दिली होती, तिच्यावर हिरवं कार्ड लावलं होतं. चोरून, स्वतःच्या हाताने. ते काढल्याशिवाय खाली सही कुणी करायची?

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी मनुका उकळल्या. महिलांपैकी कुणी तरी विकतचं सरबत आणणार होती, तिला फोन करून सांगितलं, आणू नकोस. पेले नेहमी काठापर्यंत भरायचे, त्या दिवशी अर्धेच भरले. गोळी घेतली नाही.

साक्षीच्या वेळी मी उठले. माईक घेतला तेव्हा तो हनुवटीवर आपटत होता. मी म्हटलं, "दोन महिन्यांपूर्वी मी इथे उभी राहून सांगितलं की मी बरी झाले. मी बरी झालेली नाही. त्या दिवशी मी गोळी घेऊन आले होते. ज्यांच्या फोनमध्ये तो व्हिडिओ आहे त्यांनी कृपा करून पुसून टाका." मग त्या म्हातारीकडे बघितलं. "आजी, तुमची माफी मागते. तुमच्या नातवासाठी मी रोज प्रार्थना करते, ते मात्र खरं आहे. त्याचं औषध बंद करू नका."

आजींनी मान हलवली. रागाने की कशी, ते कळलं नाही. हालेलुया कुणी म्हटलं नाही. मी खाली बसले नाही, मेजाकडे गेले. पाळकीणबाई उठून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, आज नको. पूर्ण बऱ्या झाल्यावर."

"बाई, त्या पत्रं लिहिणाऱ्या प्रेषितालाही तुम्ही मागेच बसवलं असतं," मी म्हटलं. "बरी होऊन उचलायचा असेल तर मी जन्मात उचलणार नाही. अशी आहे तशी उचलते. नको असेल तर साहेबांनी सांगावं."

पाळकसाहेब मेजामागे उभे होते. त्यांनी बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कापडावरचा जुना, धुऊन फिका झालेला डाग बघितला. मग दोन्ही हातांनी ट्रे उचलून माझ्यापुढे धरला. माझ्यासाठी तीच सही होती.

आठ रांगा मी फिरले. पेले वाजत होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजले. अर्धेच भरलेले होते म्हणून सांडलं नाही. पाळकीणबाईंनी पेला घेतला, पण वर बघितलं नाही, मीही बघितलं नाही. आमचं अजून पूर्ण जमलेलं नाही. आजींनी पेला घेताना ट्रेची कड क्षणभर धरली, मग सोडली.

शेवटच्या रांगेत पोचले तेव्हा ट्रेवर एकच पेला उरला होता, माझा. मागच्या भिंतीशी एक खुर्ची रिकामी होती. ट्रे मी तिच्यावर ठेवला. वाटणाऱ्याने आपला पेला पुढे जाऊन मेजाशी घ्यायचा असतो, तशी आमची पद्धत आहे. मी तिथेच उभी राहिले, मागे, जुन्या चर्चमध्ये पप्पा अकरा वर्षं बसायचे तशा जागी. त्या बोटभर पेल्याला दोन्ही हात लावले, ते लावायचे तसे, आणि प्यायले.

सगळे मान वळवून बघत होते. बघू देत.